मशीनमधलं पाणी

भांडी घासायचं मशीन आमच्या घरी आलं ते मासळीच्या ट्रकमधून. माझा नवरा बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला होता. त्या वर्षी डिसेंबरअखेरीस सुट्टीवर उतरताना कुठल्याशा परदेशी बंदरातून कुणाचं तरी वापरलेलं मशीन त्यानं घेऊन ठेवलं होतं. मुंबईला ते गोदीतून सोडवलं आणि आमच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी घेऊन गेलेला एक ट्रक रिकामा परतत होता, त्यात चढवलं. चार माणसांनी ते आमच्या अंगणात उतरवलं तेव्हा पांढऱ्या पत्र्यावर खवले चिकटले होते आणि दार उघडल्यावर आतून बांगड्याचा वास आला. पुढचे दोन दिवस मी ते चिंचेच्या पाण्यानं पुसत होते. भांडी घासणारं मशीन आधी मलाच घासायला लागलं, यावरूनच मी काय ते ओळखायला हवं होतं.

ऐंशीच्या दशकातले ते दिवस. आमच्या आळीत टीव्हीसुद्धा दोनच घरांत होता, त्यामुळे मशीन बघायला माणसं आली. नवऱ्यानं सगळ्यांना दार उघडून आतल्या जाळ्या ओढून दाखवल्या. मी चहा केला. माणसं गेल्यावर कप मी मोरीत घासले, कारण मशीन अजून जोडलेलं नव्हतं.

पण ते हौसेपोटी आलेलं नव्हतं, हे सांगायला हवं. मी बी.एस्सी. बी.एड. होते. लग्नाआधी वर्षभर एका शाळेत विज्ञान शिकवलं होतं आणि ते मला येत होतं. मुलांना एखादी गोष्ट कळली की त्यांचे डोळे बदलतात, ते मी पाहिलं होतं. लग्नानंतर पाच वर्षं मी ते पाहिलं नाही. मग पावस गावाच्या रस्त्यावरच्या एका हायस्कुलात विज्ञानाची जागा निघाली. तिथले मुख्याध्यापक माझ्या वडिलांना ओळखत होते. जूनपासून या, म्हणाले, वर्षभरात कायम करतो, पण मेच्या पंधरा तारखेपर्यंत मला पक्कं सांगा.

सासूचा माझ्या नोकरीला विरोध नव्हता. असं ती स्वतः म्हणायची. फक्त एकच विचारायची, "भांडी कोन घासनार गो?"

प्रश्न खोटा नव्हता. घरात सासू, मी आणि दोन दीर, एवढीच माणसं. पण आम्ही जिल्ह्याच्या गावाला राहायचो. राजापूरकडचे नातेवाईक कोर्टाच्या तारखेला आले की जेवायला आमच्याकडे, कुणाला सिव्हिल हॉस्पिटलात दाखवायचं असलं की मुक्कामाला आमच्याकडे, कलेक्टर कचेरीत कागद अडकला की तो सुटेपर्यंत आमच्याकडे. रोज दहा-बारा ताटं पडायची. सासूचे गुडघे गेलेले, तिला मोरीत बसवत नव्हतं. आणि बाई लावायची म्हटलं तर बाहेरच्या बाईनं घासलेलं तिला चालत नव्हतं. तिचे नियम होते. मासळीचं भांडं वेगळं, दुधाचं वेगळं, देवाचं ताट तर मोरीत ठेवायचंसुद्धा नाही, ते बाहेर पायरीवर घासायचं. तीन बायका आल्या आणि तीन गेल्या. एकीनं तर जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, तुमी कशा ऱ्हाता?"

म्हणून नवऱ्यानं हा तोडगा काढला. त्यानं आईसमोर मशीन ठेवलं आणि म्हणाला, "आता हे घासेल. मग जाऊ दे तिला शाळेत." सासूनं मशीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्यानं सोच्छ घासली तर जाऊं दे खुशाल." तो शब्द मी धरून ठेवला. माझी सगळी शाळा त्या एका 'स्वच्छ'वर लटकली होती.

नवऱ्यानं मशीन मोरीशेजारी बसवलं, पाण्याची नळी जोडली, एकदा रिकामं फिरवून दाखवलं आणि आठव्या दिवशी तो बोटीवर निघून गेला. समुद्रात अख्खी बोट चालवणारा माणूस. घरातलं मशीन चालतं का हे पाहायला त्याला वेळ नव्हता.

पहिल्या दिवशी मी कपडे धुवायची पावडर घातली. दुसरी कुठली घालणार? अर्ध्या तासात दाराच्या फटीतून फेस यायला लागला. तो मोरीतून स्वयंपाकघरात आला, तिथून माजघरात. मी आणि दोन्ही दीर सुपांनी फेस भरून अंगणात टाकत होतो. सासू पाटावर पाय वर घेऊन आमच्या खेपा मोजत बसली होती. आत ताटांवर भात तसाच वाळून बसला होता.

मशीनबरोबर एक पुस्तक होतं. कुठल्या भाषेतलं ते मला कधीच कळलं नाही. पण त्यात चित्रं होती. बशी अशी ठेवा, अशी ठेवू नका, नको असेल तिथे फुली. मी ते पुस्तक घेऊन मशीनसमोर बसायचे आणि चित्रांचा अर्थ लावायचे. आमच्याकडे तसल्या बश्या नव्हत्या. आमच्याकडे काठाची ताटं, वाट्या, टोप, झारे, डाव. चित्रातल्या कुठल्याच बाईच्या घरी झारा नव्हता.

पावडरीचा प्रश्न मी आठवून सोडवला. कॉलेजात शिकले होते ते पाच वर्षांत पहिल्यांदा उपयोगी पडलं. फेस नको आणि तेल सुटायला हवं, म्हणजे सोडा. धोब्यासाठी दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा मी आणला. फेस गेला. पण अॅल्युमिनियमचे सगळे टोप काळे पडले, भाताचं मोठं पातेलं तर कोळशासारखं झालं. हेही मला आधी आठवायला हवं होतं, सोडा अॅल्युमिनियमला खातो. तीन दिवस मी ते टोप राखेनं घासत बसले. सासू जवळ येऊन म्हणाली, "मशीन भांडी घासता, आनि तू मशीननं घासलेली घासतंस." मला हसू आलं नाही.

अॅल्युमिनियम बाद केलं. फक्त स्टील आणि चिनी माती आत. तरी ताटांवर तेलकट थर राहायचा. एके दिवशी मशीन चालू असताना मी दारावर हात ठेवला तर ते जेमतेम कोमट. संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे दिवे लाल व्हायचे, पंखा मोजता येईल असा फिरायचा. एवढ्याशा विजेवर पाणी तापणार कुठून? मी वेळ बदलली. सकाळी दहाला आणि संध्याकाळी साडेपाचला. मग दारावर हात ठेवला की चटका बसायला लागला. मनात मी हिशोबही मांडून टाकला होता, दहाला लावून शाळेला निघायचं, साडेपाचला परत आलं की पुन्हा लावायचं. वेळा शाळेला अगदी जुळत होत्या. मला तो शकुनच वाटला, आणि शकुनबिकुन मी मानत नव्हते.

तरी वाट्या स्वच्छ निघेनात. तेव्हा मी मिरकरवाड्याहून एका मिस्त्रीला बोलावलं. ट्रॉलरची इंजिनं आणि पंप दुरुस्त करणारा माणूस. भांड्यांचं मशीन त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्यानं तसं कबूल केलं, म्हणून मला तो आवडला. त्यानं नळी सोडून पाण्याची धार पाहिली, मग मोरीच्या छपरावरची टाकी पाहिली.

"वयनी, पान्याला जोर नाय," तो म्हणाला. "टाकी वर न्यायला व्हयी. मशीन काय बिघाडलेला नाय, उपाशी हाय."

जांभ्याच्या चिऱ्यांचा पुरुषभर उंच चौथरा रचून त्यानं टाकी वर चढवली. मग मशीनच्या आतला पंखा काढला. तळाशी एक लांब पोकळ पातं असतं, त्याला भोकं असतात, त्यातून पाण्याच्या धारा वर उडतात आणि त्याच जोरावर ते पातं गरगर फिरतं. त्या भोकांत खोबरं अडकलं होतं. ओल्या नारळाचा चव, बारीक पांढरा, एकेका भोकात ठासून बसलेला. ते मशीन ज्यांनी बनवलं त्यांनी नारळाचा विचार केला नव्हता, आणि आमच्याकडे नारळाशिवाय आमटीही होत नाही. मिस्त्री म्हणाला, "हीर आना." मी खराट्याची एक हीर दिली. तिनं त्यानं सगळी भोकं मोकळी केली, आणि ते काम रोज कसं करायचं ते मला दाखवलं.

वाट्यांचं कोडं मात्र मीच सोडवलं. वाट्या पालथ्या ठेवल्या तरी पाण्याच्या धारेनं उलटायच्या आणि खरकट्या पाण्यानं भरून बसायच्या. मी मिस्त्रीला म्हटलं, मासळीच्या जाळ्याचा तुकडा मिळेल का? तो दुसऱ्या दिवशी नायलॉनच्या जाळ्याचा हातभर तुकडा घेऊन आला. वाट्या पालथ्या मांडायच्या, वरून जाळं ताणून चार कोपऱ्यांना बांधायचं. एकही वाटी हलली नाही. मिस्त्री खूष झाला. "तुमी आमच्याकडं कामाला या," म्हणाला. इतक्या वर्षांत माझ्या डोक्याचं कौतुक केलेला तो पहिला माणूस. मी त्याला दोनदा चहा दिला.

एप्रिल संपत आला होता. विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि ताटांवर पांढरे डाग दिसू लागले. आमच्याकडे पितळ उजळायला आंबट लावतात, हे धरून मी शेवटच्या पाण्यात आमसुलाचा अर्क घातला. डाग गेले, पण कप गुलाबी झाले. मग लिंबू घातलं. लिंबानं काम झालं.

आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एके सकाळी मी दार उघडलं तर आतून वाफ आली आणि ताटं चकाकत होती. मी एक वाटी उचलून उन्हात धरली. बोट फिरवलं तर बोट करकरलं. मी तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसले आणि रडले. हे सांगायला आता लाज वाटत नाही. चार महिने मी एका पत्र्याच्या पेटीशी झगडले होते आणि जिंकले होते.

सात दिवस भांडी तशीच निघाली. सासूनं रोज एकेक ताट दिव्याखाली धरून पाहिलं. नाकाशी नेलं. बांगडा खाल्लेल्या ताटाला वास नव्हता. आठव्या दिवशी तिनं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "सोच्छ हाय गो." मग थोड्या वेळानं, "जा शाळेत. माझा काय म्हनना नाय." त्या दिवशी तिच्याबद्दल मला माया वाटली. मी मुख्याध्यापकांना पत्र लिहायला बसले. पंधरा तारखेला चार दिवस होते.

ते पत्र मी लगेच टपालात टाकलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की तो आता गुळगुळीत झाला आहे. टाकलं असतं तरी काही वेगळं झालं नसतं, हे मला माहीत आहे. पण मी त्या दुपारी पत्र पूर्ण न करता उठले, कारण सासू मशीनसमोर पाट घेऊन बसली होती आणि दाराला कान लावून ऐकत होती. तिनं मला हाक मारली.

"आत काय करता गो ता? हात नाय, पाय नाय. घासता कसा?"

पाच वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणजे आमटीत मीठ घातलं का, पाव्हणे किती, हे विचारत. पण एखादी गोष्ट कशी होते, हे कुणी विचारलं नव्हतं. माझ्यातली मास्तरीण ताडकन उठली. मी कोळशानं मोरीच्या भिंतीवर चित्र काढलं. ही पेटी. हे खाली साठणारं पाणी, फक्त बादलीभर. हा पंप. हे फिरणारं पातं. पंप खालचं पाणी उचलतो, पात्याच्या भोकांतून वर उडवतो, ते भांड्यांवर आपटतं, खरकटं घेऊन खाली येतं, जाळीतून गाळलं जातं, पंप ते पुन्हा उचलतो.

"पुना?" सासू म्हणाली.

"पुन्हा," मी म्हटलं. "तेच पाणी फिरत राहतं. शंभरदा फिरतं. म्हणून तर एवढ्या थोड्या पाण्यात भागतं. मग ते बाहेर सोडतं आणि नवीन घेतं."

मी एवढ्यावर थांबले नाही. चांगला शिक्षक दाखवल्याशिवाय थांबत नाही. मी मधेच बटण बंद केलं, दार उघडलं आणि तिला तळाशी साठलेलं पाणी दाखवलं. मातकट, वर तेलाचे तवंग, सोलकढीचा गुलाबीपणा, दोन-तीन शितं तरंगत होती. वाटीत भरून तिच्या हातात दिलं. पाहा, म्हटलं, हे सगळं ताटांवरून निघालं.

तिनं वाटी तिरकी करून वरचा तवंग हलवून पाहिला. तिला कळलं. अगदी पूर्ण कळलं. माझ्या आयुष्यात कुठल्याही विद्यार्थ्याला मी शिकवलेलं इतकं नीट कळलं नव्हतं.

"म्हनजे बांगड्याच्या ताटाचा पानी," ती हळूहळू म्हणाली, "दुधाच्या भांड्यावर जाता. तेच. आनि पुना."

मी मशीनचं दार लावून टाकलं.

"आनि तुमच्या सगळ्यांचा उष्टा माझ्या ताटावर. पाव्हन्यांचा पन."

"आई, नंतर नवीन पाणी येतं. दोनदा येतं. ते कढत असतं."

"नवीन पानी पन तसाच फिरता मा? वरसून खाली, खालसून वर?"

फिरतं. ते खरं होतं. मी खोटं बोलले नाही. मोरीतलं पाणी भांड्यावरून एकदा वाहतं आणि पन्हळीतून परसातल्या माडाच्या मुळात जातं, ते मागे फिरून येत नाही. तिची स्वच्छता ती होती. तिच्या लेखी डाग, तेल, वास हे सगळं नंतरचं. खरकट्याला लागलेलं पाणी पुढं गेलं पाहिजे, एवढीच अट होती, आणि ती इतकी उघड होती की ती बोलून दाखवावी असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आणि मी, त्याच कोकणात वाढलेली, माझ्या आईनं भांड्यावरून बोटभर धार सोडून विसळायला शिकवलेली मुलगी, चार महिने सोडा आणि वीज आणि खराट्याची हीर यांच्यात गुंतून ते विसरले होते. आईच्या घरी टोपात पाणी घेऊन त्यात वाटी बुचकळली असती तर मी मार खाल्ला असता.

मग तिनं तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. "द्येवाचा ताट?"

देवाचं ताटही मी आत घातलं होतं. आठवडाभर. तेवढं एक तरी मी पायरीवर घासायला हवं होतं, पण मला सगळं मशीननं करून दाखवायचं होतं. नैवेद्याचं ताट किती झळझळीत निघतं ते मला तिला दाखवायचं होतं.

ती ओरडली नाही. ती पाटावर बसूनच रडायला लागली, पदर तोंडाला लावून, लहान मुलीसारखी. ते रडणं खोटं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं. ती कजाग असती, माझी नोकरी मोडायला टपलेली असती, तर मी भांडले असते. तिच्या नाटकाला मी नाटक म्हटलं असतं. पण तिनं मला जा म्हणून सांगितलं होतं, मनापासून, आणि आता ती आठवडाभर आपण देवाला काय वाढलं म्हणून रडत होती. मला तिची कीव आली आणि राग आला आणि दोन्ही एकाच वेळी इतके आले की मी वाटी तिच्या हातातून घेऊन ते पाणी मोरीत ओतलं.

त्या संध्याकाळी घरातलं प्रत्येक भांडं बाहेर काढून पुन्हा घासलं गेलं. मी घासलं. राखेनं, मग मातीनं, मग वाहत्या धारेखाली. सासू पायरीवर बसून बघत होती. शेवटचं भांडं झाल्यावर तिनं तुळशीपुढे दिवा लावला आणि मला म्हणाली, "तुजा काय चुकला नाय गो. मशीनचा चुकला." माझी बाजू घेऊनच तिनं सगळं संपवलं.

दोन दिवस मी तोड काढायचा प्रयत्न केला. मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. पाणी फिरू नये, एकदाच वाहून जावं असं काही करता येईल का, विचारलं. त्यानं पातं, पंप, नळी सगळं पाहिलं, डोकं खाजवलं. म्हणाला, "वयनी, मग त्याला तासाला टाकीभर पानी लागंल. ह्या मे म्हयन्यात विहिरीत पानी हाय खय? आनि मग ता मशीन ऱ्हानार नाय, धबधबा होईल." तो हसला आणि माझ्याकडे पाहून थांबला. त्या दिवशी त्यानं मजुरी घेतली नाही.

मग मी सासूला म्हटलं, तुमची आणि देवाची भांडी मी हातानं घासते, बाकीची मशीनला घालू. तिनं विचार केला. खरंच केला, मी तिचा चेहरा बघत होते. "आनि त्याच फडताळात ठेवशील? त्याच चुलीवर त्याच टोपात आमटी शिजंल?" ती म्हणाली. तिच्या बाजूनं ते बरोबर होतं. विज्ञान शिकवणारी मी, आणि त्या घरात तर्कशुद्ध बोलत होती ती.

पंधरा तारखेला मी मुख्याध्यापकांना दुसरं पत्र लिहिलं. घरगुती अडचणीमुळे, असं लिहिलं. सगळ्याच बायका तेवढंच लिहितात, त्यामुळे त्यांना काही विचारावंसं वाटलं नसणार. जूनमध्ये तिथे एक मुलगा लागला. पुढं तो कायम झाला.

नवऱ्याला मी सविस्तर लिहिलं होतं, सहा पानं. आता त्याच्या आईशी तोच बोलेल, काही मधला मार्ग काढेल, असं मला वाटत होतं. दीड महिन्यानं कुठल्याशा बंदरातून उत्तर आलं. पाव पान. हवा बरी आहे. पगार वाढेलसं दिसतं. आणि शेवटी, "तू आईला कशाला सांगितलंस पाणी फिरतं म्हणून? गप्प बसायचं होतंस. शाळेचं पुढच्या वर्षी बघू." मी ते पत्र चुलीत घातलं. लग्नानंतर पहिल्यांदा मला नवऱ्याचा वीट आला तो त्या दिवशी. त्यानं आईची बाजू घेतली म्हणून नव्हे. चार महिने मी एकेक करून सगळं शोधून काढलं होतं, चौथरा, सोडा, जाळं, लिंबू, ते सगळं त्या सहा पानांत होतं, आणि त्याला त्यातली एकच गोष्ट सापडली, की मी बोलले. आणि गप्प बसायचं म्हणजे काय? आपल्या आईला जन्मभर फसवायचं, तेही माझ्या हातून, आणि स्वतः समुद्रावर राहायचं. हा त्याचा सल्ला होता.

तरी खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडतो. गप्प बसले असते तर? मी शाळेत गेले असते. ती सुखानं जेवली असती. कुणाचं काही बिघडलं नसतं. मला येत होतं ते एकच काम, समजावून सांगणं, ते मी केलं आणि त्यानंच माझा घात केला. याचा राग कुणावर काढायचा ते मला आजवर ठरवता आलेलं नाही, म्हणून तो थोडा थोडा सगळ्यांवर निघतो.

मशीनचं पुढं कपाट झालं. त्याचं दार घट्ट बसायचं, मुंगी शिरत नसे, म्हणून सासूनं त्यात आंब्याची साठं आणि फेण्या ठेवायला सुरुवात केली. जाळीच्या कप्प्यांवर त्या छान मावायच्या. भिंतीवरचं कोळशाचं चित्र मी पुसलं नाही. पावसाळ्यात भिंत ओलावली तसं ते आपोआप गेलं.

पुढल्या वर्षी नवरा सुट्टीवर आला. त्याच्या बोटीवरच्या एका मित्राचं कुटुंब भेटायला आलं होतं, आठ-दहा माणसं. मशीन बघून मित्राची बायको म्हणाली, अगंबाई, हे भांड्यांचं ना, आम्ही परदेशी मासिकात चित्र पाहिलंय. नवरा उठला, त्यानं दार उघडून दाखवलं, साठांची ताटली बाजूला सरकवली आणि हसत म्हणाला, "हिच्यासाठी एवढ्या लांबून आणलं. पण हिला काही ते जमलं नाही."

सगळे हसले. त्यात वाईट हेतू नव्हता. सासू समोरच बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, तिचे ओठ हलले, आणि मला वाटलं की ती बोलेल. ती एकटीच सांगू शकली असती की भांडी स्वच्छ निघत होती. तिनं सुपारीचा डबा पुढं ओढला आणि खांड शोधायला लागली.

"बी.एस्सी. ना गं तू?" मित्राच्या बायकोनं मला विचारलं.

"हो," मी म्हटलं. मग कप गोळा केले आणि मोरीत नेऊन घासले.